चिकूच्या मिशा कुठे गेल्या? एका कॅव्हापूचं प्रकरण

चिकू सव्वा वर्षाची मादी. वजन साडेआठ किलो. पांढऱ्या अंगावर तांबूस-तपकिरी मोठाले डाग, लांब कानांना आणि शेपटीला झालर, तोंड मात्र गुळगुळीत. घरात नवरा-बायको आणि नऊ वर्षांचा मुलगा. मुलाला शिंकांचा जुना त्रास, म्हणून ‘केस न गाळणारा’ छोटा कुत्रा शोधत हे कुटुंब कॅव्हापूपर्यंत, म्हणजे कॅव्हलियर आणि पूडल यांच्या संकरापर्यंत, पोचलं. पिल्लू देताना ब्रीडरने सांगितलं होतं की आई कॅव्हलियर किंग चार्ल्स स्पॅनियल आणि बाप टॉय पूडल, म्हणजे पहिल्या पिढीचा संकर; वजन पाच किलोच्या वर जाणार नाही; केस गळणार नाहीत, तेव्हा ॲलर्जीचा प्रश्नच येत नाही.

आठव्या महिन्यापासून सोफा, गाद्या, शाळेचा गणवेश, सगळीकडे बारीक पांढरे केस दिसायला लागले. मुलाचं नाक पुन्हा वाहू लागलं. चिकूचं वजन वाढतच राहिलं. ग्रुमिंगवालीने तिला टेडीसारखा गोल चेहरा करून द्यायला साफ नकार दिला, कारण कापायला चेहऱ्यावर केसच नव्हते. एवढं झाल्यावर ते माझ्याकडे आले. टेबलावर चिकूला ठेवायच्या आत त्या बाईंनी विचारलं, “डॉक्टर, आम्हाला फसवलंय का? ही कॅव्हापू आहे की नाही, तेवढंच सांगा.”

फसवलं होतं, पण त्यांना वाटत होतं त्या बाबतीत नाही. आणि ही कॅव्हापू आहे की नाही, हे कळून त्यांचा एकही प्रश्न सुटणार नव्हता. संकराचं नाव फार तर आई-बाप कोणत्या जातींचे ते सांगतं. केस, वजन, हृदय, गुडघे या प्रत्येकाचा वारसा वेगवेगळ्या वाटेने येतो आणि प्रत्येकाचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. लोक दोन जातींची सरासरी काढतात. पिल्लू तसं निघत नाही.

आधी आई-बापांच्या जाती

कॅव्हलियर ही दिसायला जुनी, कागदावर नवी जात. सतराव्या शतकात इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्या दरबारात लांब नाकाचे छोटे स्पॅनियल होते, त्या काळच्या चित्रांत ते दिसतात. पुढे चपट्या नाकाची फॅशन आली आणि जुना नमुना जवळपास संपला. १९२६ साली रॉसवेल एल्ड्रिज या अमेरिकन गृहस्थाने इंग्लंडमधल्या क्रफ्ट्स प्रदर्शनात चित्रातल्यासारख्या लांब नाकाच्या कुत्र्यांसाठी २५ पौंडांचं बक्षीस लावलं. त्यातून ही जात पुन्हा उभी राहिली आणि १९४५ मध्ये तिला केनेल क्लबची, म्हणजे जातींची नोंद ठेवणाऱ्या तिथल्या संस्थेची, स्वतंत्र मान्यता मिळाली. उभारणी मोजक्याच कुत्र्यांपासून झाली. त्याची किंमत आजचे कॅव्हलियर चुकवतात. हृदयाच्या मायट्रल झडपेचा आजार या जातीत इतका पसरलेला आहे की पाच वर्षांच्या आसपास साधारण निम्म्या कुत्र्यांत मर्मर, म्हणजे गळक्या झडपेचा आवाज, ऐकू येतो आणि दहाव्या वर्षापर्यंत जवळजवळ सगळ्यांत. मेंदूच्या मानाने कवटी लहान असल्यामुळे मज्जारज्जूत द्रवाच्या पोकळ्या होण्याचा आजारही यांच्यात नेहमीचा. नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने तर २०२३ मध्ये कॅव्हलियरची पैदास तिथल्या प्राणिकल्याण कायद्याच्या विरोधात असल्याचा निकाल दिला. स्वभाव मात्र लोण्यासारखा. मांडी दिसली की बसणार. प्रौढ वजन साधारण सहा ते आठ किलो.

पूडल म्हणजे फुगवलेल्या केसांचा शोभेचा कुत्रा, असा समज असतो. मुळात तो पाण्यातून शिकार उचलून आणणारा कामाचा कुत्रा, आणि डोकं आजही कामाचंच आहे. त्याला काम दिलं नाही तर तो स्वतः शोधतो, आणि ते घरच्यांना आवडेलच असं नाही. आकारावरून त्याचे प्रकार पडतात. टॉय पूडल दोन-चार किलोचा, मिनिएचर साधारण साडेचार ते सात किलोचा. छोट्या पूडलमध्ये गुडघ्याची वाटी सरकणं, दृष्टिपटलाचा आनुवंशिक ऱ्हास आणि मांडीच्या हाडाचं डोकं झिजणं हे ठरलेले त्रास. आणखी एक गोष्ट संकराच्या जाहिरातीत कधीच नसते: उतारवयात झडपेचा आजार छोट्या जातींत एकूणच जास्त असतो आणि पूडल त्याला अपवाद नाही. कॅव्हलियरचं कमजोर हृदय पूडलच्या रक्ताने आपोआप दुरुस्त होईल, असं मानायला आधार नाही.

मिशांवरून लागलेला माग

चिकूला बघताच माझी नजर तिच्या तोंडावर गेली. २००९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने कुत्र्यांच्या केसांचं कोडं बरंच सोपं केलं होतं. बहुतेक जातींच्या केसांतला फरक तीन जनुकांवर बसवता येतो, असं त्यात दिसलं. आरएसपीओ२ या जनुकाचा एक प्रकार मिशा, दाढी आणि जाड भुवया देतो. तो प्रभावी आहे, म्हणजे आई किंवा बाप यांपैकी एकाकडून आला तरी पुरतो. एफजीएफ५ केसांची लांबी ठरवतो. लांब केसांसाठी दोन्हीकडून आलेली प्रत लागते. केआरटी७१ कुरळेपणा ठरवतो. एका प्रतीने केसांना लाटा येतात, दोन प्रतींनी घट्ट कुरळे केस.

पूडलकडे या तिन्ही प्रकारांच्या दोन-दोन प्रती असतात, अपवाद फार विरळा. कॅव्हलियरकडे लांब केसांच्या दोन प्रती असतात. मिशांची आणि घट्ट कुरळेपणाची नसते. आता या दोघांचं पहिल्या पिढीचं पिल्लू मांडून बघा. पूडलकडून मिशांची एक प्रत येणारच आणि एक पुरेशी आहे. कुरळेपणाची एक प्रत, म्हणजे लाटा. लांब केस दोघांकडूनही. एका वेतात सहा पिल्लं असोत की दोन, सगळी मिशाळ आणि लाटदार केसांची निघणार. शुद्ध पूडल आणि शुद्ध कॅव्हलियर यांच्या पहिल्या पिढीत गुळगुळीत तोंडाचं पिल्लू निघण्याला जागाच नाही.

चिकूच्या तोंडावर मिशांचा मागमूस नव्हता.

दुसरा पुरावा रंगाचा, पण तो कच्चा. कॅव्हलियरच्या ब्लेनहाइम (पांढऱ्यावर तांबूस डाग) रंगात अंगावर पसरलेला पांढरा भाग असतो आणि तो अप्रभावी आहे, दोन प्रती लागतात. एकरंगी पूडलशी संकर झाला तर पहिल्या पिढीची पिल्लं बहुतेक एकरंगी निघतात, छातीवर किंवा पंजांवर थोडं पांढरं येतं एवढंच. चिकूचं निम्मं अंग पांढरं. अर्थात पूडलमध्येही दोनरंगी कुत्रे असतात, म्हणून नुसत्या रंगावर मी काही बोललो नसतो. मिशांच्या जोडीला मात्र तो बरोबर बसत होता.

मी त्यांना ब्रीडरकडून आई-बापांचे फोटो मागवायला सांगितले. आले. आई लाटदार केसांची आणि मिशाळ, बापही तसाच. म्हणजे आई कॅव्हलियर नव्हती आणि बाप पूडल नव्हता. दोघंही स्वतः कॅव्हापू होते. फोटोंबरोबर त्याच वेतातल्या एका भावाचा फोटोही आला. घट्ट कुरळा, भरघोस दाढीचा, चिकूपेक्षा स्पष्टपणे लहान. एका वेतातली ही दोघं शेजारी उभी केली तर कुणी भावंडं म्हणणार नाही.

दोन कॅव्हापूंचं वेत हे असंच असतं. दोघांकडेही मिशांची एक-एकच प्रत, त्यामुळे सरासरी चारातलं एक पिल्लू मिशांशिवाय. कुरळेपणाचंही तसंच: चारात एक घट्ट कुरळं, दोन लाटदार, एक सरळ केसांचं. ही दोन जनुकं वेगवेगळ्या गुणसूत्रांवर आहेत, म्हणून जुळण्याही स्वतंत्र होतात. पहिल्या पिढीत जो एकसारखेपणा दिसतो तो दुसऱ्या पिढीत उधळतो. ब्रीडर मंडळींना हे ठाऊक असतं, निदान असायला हवं. पण दोन कॅव्हापू एकत्र ठेवणं हे दोन जातींचे तपासलेले शुद्ध कुत्रे सांभाळण्यापेक्षा सोपं पडतं.

गालाच्या आतून बोळा फिरवून डीएनए चाचणी केली. दोन्ही जातींचा वाटा जवळपास निम्मा-निम्मा आला आणि घरच्यांना क्षणभर वाटलं की ब्रीडर खरंच बोलत होता. निम्मा वाटा दुसऱ्या पिढीतही सरासरीने निम्माच राहतो, त्यामुळे टक्केवारीवरून पिढी कळत नाही. त्यासाठी गुणसूत्रांचा नकाशा बघावा लागतो. पहिल्या पिढीत प्रत्येक जोडीतली एक बाजू पूर्ण कॅव्हलियरची आणि दुसरी पूर्ण पूडलची असते. चिकूच्या नकाशात काही लांबलचक भाग दोन्ही बाजूंनी कॅव्हलियरचे होते, काही दोन्ही बाजूंनी पूडलचे. पिढीचा प्रश्न तिथे मिटला.

तेव्हा बाईंना उत्तर दिलं ते असं: चिकू कॅव्हापू आहे. पिढी खोटी सांगितली. आणि केस, वजन, ॲलर्जी यांबद्दल जे सांगितलं ते पिढी खरी असती तरी कुणाला छातीठोक सांगता आलं नसतं.

वजनाचं तर उघडच होतं. ज्याच्या आजी-आजोबांत आठ किलोपर्यंत जाणारी जात आहे, त्याला पाच किलोची हमी देणं हे निव्वळ विक्रीचं बोलणं. शिवाय आजोबा पूडल टॉय होता की मिनिएचर, याचा कागद कुणाकडेच नव्हता. चिकूच्या साडेआठ किलोंतलं साधारण पाऊण किलो चरबीचं होतं. बाकीचा तिचा खरा आकार.

केस, लाळ आणि शिंका

मिशा देणाऱ्या जनुकाचा केस गळण्याशीही संबंध आहे. मिशाळ कुत्रे सहसा कमी केस गाळतात. त्यामुळे चिकूचे केस गळणं अपेक्षितच होतं. पण मुलाच्या शिंकांचं खापर त्या केसांवर फोडता येत नव्हतं. कुत्र्याच्या ॲलर्जीचं मुख्य प्रथिन कॅन एफ १. ते लाळेत आणि त्वचेच्या कोंड्यात असतं, केस हे फक्त त्याचं वाहन. २०१२ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी पूडल, लॅब्राडूडल (लॅब्राडोर-पूडल संकर) अशा ‘ॲलर्जीमुक्त’ म्हणवल्या जाणाऱ्या कुत्र्यांची इतरांशी तुलना केली. त्यांच्या केसांवर कॅन एफ १ उलट जास्त सापडलं आणि घरातल्या हवेत काही फरक दिसला नाही. आदल्याच वर्षी अमेरिकेतल्या घरांमधली धूळ तपासणाऱ्या अभ्यासातही कुत्र्याच्या जातीवरून फरक पडल्याचं दिसलं नव्हतं.

खरं तर पूडलच्या संकरांच्या या सगळ्या ‘डूडल’ प्रकाराची सुरुवातच हे सांगून जाते. १९८९ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात वॉली कॉनरन यांनी हवाईतल्या एका अंध बाईंसाठी मार्गदर्शक कुत्रा तयार करायला लॅब्राडोर आणि स्टँडर्ड पूडलचा संकर केला, कारण बाईंच्या नवऱ्याला ॲलर्जी होती. तीन पिल्लं झाली. त्यांच्या केसांचे आणि लाळेचे नमुने हवाईला पाठवले, तेव्हा एकच पिल्लू त्या गृहस्थांना चाललं. आई-बाप तेच, वेत तेच, आणि तिघांतलं एक. पुढे या संकरांचं जे पीक आलं त्याबद्दल कॉनरन यांनीच जाहीरपणे खंत व्यक्त केली. त्यांनी केलेली चाचणी मात्र आजही योग्य आहे: ज्याला त्रास होतो त्याने त्याच कुत्र्याबरोबर वेळ काढून बघावा, जातीच्या नावाबरोबर नाही.

मुलाच्या डॉक्टरांनी ॲलर्जी चाचणी केली. धुळीतल्या किड्यांना जोरदार प्रतिसाद, कुत्र्याला सौम्य. काही माणसांना फक्त कॅन एफ ५ या प्रथिनाचा त्रास होतो, ते नर कुत्र्याच्या प्रोस्टेट ग्रंथीतून येतं; मादी असल्यामुळे चिकूच्या बाबतीत तो मुद्दाच नव्हता. डॉक्टरांच्या सल्ल्याने घरात तीन बदल झाले. मुलाच्या झोपण्याच्या खोलीत चिकूला बंदी, पांघरुणं-गाद्यांची धुळीच्या दृष्टीने व्यवस्था, आणि चिकूला आठवड्यातून दोनदा आंघोळ. एकदाच्या आंघोळीने कॅन एफ १ कमी होतं, पण काही दिवसांत पुन्हा पूर्वपदावर येतं, म्हणून दोनदा. कानामागचे केस नीट वाळवले नाहीत तर तिथे गुंता आणि ओल दोन्ही होतं, हे त्यांनी स्वतःच शोधून काढलं. महिन्याभरात शिंका आटोक्यात आल्या. यात चिकूचा वाटा किती आणि गाद्यांचा किती, हे वेगळं काढता येणार नाही. मला विचाराल तर गाद्यांचा जास्त.

ग्रुमिंगचा प्रश्न सोपा निघाला. तिला पूडलसारख्या नियमित कापणीची गरज नव्हती. कानामागे, काखेत आणि मांड्यांच्या मागे मुळापासून विंचरणं एवढंच काम. उलट कुरळ्या भावाच्या घरी दर काही आठवड्यांनी कात्री लागणार होती. केस न गळणं म्हणजे कमी काम, असं समजून पूडलचे संकर घेणाऱ्यांची इथेच सगळ्यात जास्त निराशा होते, कारण न गळलेला केस तिथेच अडकून गुंता करतो.

तपासणीत काय सापडलं

हृदय स्वच्छ होतं, पण पंधरा महिन्यांच्या वयात ते तसंच असायचं. कॅव्हलियर रक्ताच्या कुत्र्याचं हृदय दरवर्षी ऐकायचं आणि मर्मर आला की एकोकार्डिओग्राफी (हृदयाची सोनोग्राफी) करायची, हे ठरलं. हृदय मोठं झालेलं दिसलं, तर लक्षणं यायच्या आधी पिमोबेंडन हे औषध सुरू केल्याने हृदय निकामी होणं सरासरी सव्वा वर्ष लांबतं, हे २०१६ च्या एका मोठ्या चाचणीत दिसलेलं आहे. म्हणून हा वार्षिक स्टेथोस्कोप टाळायचा नाही.

उजव्या गुडघ्याची वाटी दाबल्यावर सरकायची आणि सोडल्यावर स्वतःच जागेवर यायची. पहिल्या दर्जाचा दोष. शस्त्रक्रिया नको, ते पाऊण किलो मात्र उतरायला हवं होतं.

डीएनए अहवालात दोन गोष्टी निघाल्या. पहिली, पाठीच्या मणक्यातल्या चकत्या लवकर कडक करणारा एफजीएफ४ या जनुकाचा प्रकार. त्याची एक प्रतही धोका वाढवायला पुरते आणि तो कॅव्हलियर व छोटे पूडल या दोन्ही जातींत आढळतो. आई-बाप दोघांच्याही जातीत जो दोष आहे, तो संकराने पुसला जात नाही. सोफ्यावर चढायला उतरती पायरी ठेवायला सांगितली. दुसरी गोष्ट, दृष्टिपटलाच्या ऱ्हासाची एक प्रत. हा आजार अप्रभावी, त्यामुळे चिकूला स्वतःला त्याच्यापासून धोका नाही. पण इथे पिढीचा खोटेपणा पुन्हा समोर आला. पहिल्या पिढीत ही प्रत फक्त पूडलकडूनच येऊ शकते, म्हणजे फार तर एक. दोन कॅव्हापूंच्या वेतात मात्र दोन्हीकडे पूडल आजी-आजोबा असतात. दोघंही वाहक, म्हणजे एक-एक प्रत बाळगणारे, निघाले तर चारातलं एक पिल्लू हळूहळू आंधळं होणार. चिकूच्या भावंडांची चाचणी करा असं मी ब्रीडरला कळवायला सांगितलं. तिकडून उत्तर आलं नाही.

“पण संकरित कुत्री जास्त निरोगी असतात ना?” हा प्रश्न नवऱ्याने विचारला. त्यात थोडं तथ्य आहे. एका लाखाहून जास्त कुत्र्यांच्या डीएनएवरच्या २०१८ च्या अभ्यासात नेहमीच्या अप्रभावी आजारांचा धोका मिश्र कुत्र्यांत कमी दिसला. पण २०२४ मध्ये इंग्लंडमधल्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्या संशोधकांनी कॉकापू (कॉकर स्पॅनियल-पूडल संकर), लॅब्राडूडल आणि कॅव्हापू यांची त्यांच्या मूळ जातींशी ५७ नेहमीच्या तक्रारींवर तुलना केली, तेव्हा ८६.६ टक्के तुलनांत काही फरक निघाला नाही. उरलेल्यांत कुठे संकर सरस, कुठे मूळ जात. म्हणजे नुसत्या संकरामुळे आरोग्य मिळेल असं धरून चालता येत नाही. आई-बाप तपासलेले होते का, हे तिथेही विचारावंच लागतं.

स्वभावाबद्दल थोडक्यात. चिकू एकटी राहिली की रडायची, आणि खाऊचा खण उघडायला शिकली होती. रडणं कॅव्हलियरचं, खण पूडलचा, असं घरचे हसून म्हणायचे. इतकं सरळ नसतं ते, पण दोन्हींवर एकच उपाय लागू पडला: रोज वास शोधायचे खेळ आणि एकटं राहायची सवय मिनिटामिनिटाने वाढवणं.

आणि मग पिल्लांचा विचार

दोन-तीन महिन्यांनी ते पुन्हा आले ते वेगळ्याच कारणाने. पिढीबद्दल जाब विचारल्यावर ब्रीडरने माफीऐवजी प्रस्ताव दिला होता: चिकूला त्याच्याकडच्या टॉय पूडलशी लावा, निम्मी पिल्लं तुमची, आणि ती सगळी मिशाळ निघतील.

तेवढ्यापुरतं तो खरं बोलत होता. पूडलकडून प्रत्येक पिल्लाला मिशांची प्रत मिळणारच. पण दृष्टिपटलाची चिकूची प्रत सरासरी निम्म्या पिल्लांना जाणार, आणि तो पूडल वाहक असेल तर चारातलं एक पिल्लू आजारी. शिवाय कॅव्हलियरच्या पैदाशीचा एक जुना नियम आहे: अडीच वर्षांच्या आधी वेत नको, तेव्हा हृदय स्वच्छ हवं, आणि त्या कुत्र्याच्या आई-बापांचंही हृदय पाच वर्षांपर्यंत स्वच्छ राहिलेलं हवं. चिकू दीड वर्षाची, तिच्या आई-बापांच्या हृदयाचा एकही कागद नाही, आणि वर सरकणारी वाटी.

मी त्यांना एवढंच सांगितलं की त्या पूडलचा डीएनए अहवाल आणि गुडघ्यांच्या तपासणीचा कागद मागा, मग बोलू. बाईंनी माझ्यासमोरच फोन लावला. पलीकडून आवाज आला, “ताई, तो शुद्ध पूडल आहे, त्याची कसली टेस्ट करायची?”

चिकूचं वंध्यीकरण पुढच्या महिन्यात ठरलं. वजन तोपर्यंत सात किलो आठशेवर आलं होतं.